बूटलोडर अनलॉक केल्याने वॉरंटी आपोआप संपत नाही

फोनचा बूटलोडर (फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा आणि कोणती प्रणाली चालू द्यायची ते ठरवणारा प्रोग्राम) अनलॉक केला, फोन रूट केला (म्हणजे प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवला) किंवा त्यावर कस्टम रॉम (कंपनीबाहेरच्या लोकांनी तयार केलेली प्रणाली) टाकली की वॉरंटी त्याच क्षणी कायमची रद्द होते, मग बिघाड कोणताही असो, असे सांगणारा मजकूर वर्षानुवर्षे पुढे पाठवला जात आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८७ चा दाखला देऊन कायदासुद्धा बदल केलेल्या वस्तूला संरक्षण देत नाही, असेही तो म्हणतो. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये जाण्यापूर्वी मूळ फर्मवेअर (कंपनीचे सॉफ्टवेअर) परत टाकावे, बूटलोडर लॉक करावा आणि काही बोलू नये, असा सल्लाही तो देतो. यावर विश्वास ठेवल्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. माझ्या फोनचे पॉवर बटण दहाव्या महिन्यात बसले. काउंटरवरील कर्मचाऱ्याने फोन सुरू होताना दिसणारी अनलॉकची सूचना पाहिली आणि फोन न उघडताच परत दिला. मी निमूटपणे बाहेरून पैसे देऊन बटण बदलून घेतले. बटण रॉममुळे बसलेले नाही हे मला तेव्हाही कळत होते. पण अशा वेळी काय मागायचे, हे ठाऊक नव्हते.

पहिला दावा वॉरंटी संपूर्ण रद्द होण्याचा. वॉरंटी म्हणजे साहित्यात किंवा निर्मितीत दोष निघाल्यास तो दूर करून देण्याचे कंपनीचे वचन असते आणि त्याला जोडलेले अपवाद बहुधा अनधिकृत बदलांमुळे झालेल्या नुकसानीपुरते असतात. ‘बदलामुळे झालेला बिघाड’ आणि ‘बदल केलेल्या फोनमधला बिघाड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे पाठवला जाणारा मजकूर त्या एकच मानतो. काही वॉरंटी कार्डांवर याहून कडक शब्द असतात, हे खरे आहे. तिथे कोणताही बदल केल्यास वॉरंटीच संपुष्टात येईल असे लिहिलेले असते. मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(४६) अन्याय्य कराराची व्याख्या करते आणि ग्राहकावर लादलेली, त्याला तोट्यात टाकणारी अवाजवी अट त्या व्याख्येत येते. असा आक्षेप जिल्हा ग्राहक आयोगाकडे नव्हे, तर राज्य ग्राहक आयोगाकडे मांडावा लागतो. तो मान्य होईलच असे मी म्हणत नाही. परंतु छापलेले प्रत्येक वाक्य म्हणजे अंतिम निर्णय, असे मानण्याचे कारण नाही.

दुसरा दावा ‘बिघाड कोणताही असो’ हा; तो तांत्रिक आहे, आणि खरा वाद इथेच आहे. सॉफ्टवेअर बदलल्याने हार्डवेअर कधीच बिघडत नाही, असे मजकुराला उत्तर देणारे काही उत्साही लोक म्हणतात; तेही चूक आहे. कर्नलमध्ये (हार्डवेअरवर नियंत्रण ठेवणाऱ्या, प्रणालीच्या गाभ्यात) बदल करून प्रोसेसरची वारंवारता आणि व्होल्टेज वाढवता येते, तापमानाची मर्यादा सैल करता येते, आवाजाची पातळी इतकी चढवता येते की लहानसा स्पीकर फाटतो. चुकीच्या मॉडेलची फाइल फ्लॅश केल्यास (फोनवर चढवल्यास) फोन सुरूच न होण्याची वेळ येते. फोनच्या मेमरीतील काही विभाजने (पार्टिशन) पुसली गेल्यास आयएमईआय हा फोनचा ओळख क्रमांक नाहीसा होतो आणि नेटवर्क मिळत नाही. अशा वेळी कंपनीने विनामूल्य दुरुस्ती नाकारली, तर ती योग्यच वागली असे मी मानतो. परंतु सैल झालेला चार्जिंग पोर्ट, बसलेले बटण, कॅमेऱ्याच्या काचेआड शिरलेली धूळ किंवा सिमच्या खाचेतली वाकडी पिन यांचा रॉमशी संबंध कसा जोडणार? अ‍ॅमोलेड पडद्यावर येणारी उभी हिरवी रेघ तर ज्यांनी कंपनीच्याच अपडेटशिवाय दुसरे काही टाकले नाही, अशा लोकांच्या फोनांतही दिसली आहे आणि काही कंपन्यांनी तसे पडदे मोफत बदलूनही दिले आहेत. बॅटरीचे प्रकरण मधले आहे: चार्जिंगवरचे नियंत्रण कर्नलमधून बदलता येत असल्यामुळे तिथे तपासणी झालीच पाहिजे, आणि तपासणी म्हणजे फोन उघडून पाहणे, सुरुवातीची सूचना वाचून परत देणे नव्हे.

या संदर्भात सॅमसंगच्या नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा दाखला हमखास दिला जातो. २०१३ पासून त्या कंपनीच्या अनेक फोनांत एकदाच जळणारा ई-फ्यूज, म्हणजे चिपमधली कायमची खूण, असतो. अनधिकृत सॉफ्टवेअर चालवले की त्याची नोंद ०x० वरून ०x१ होते आणि ती पुन्हा मागे नेता येत नाही. त्यानंतर सिक्युअर फोल्डरसारख्या (खासगी फाइली सुरक्षित ठेवण्याच्या) सुविधा कायमच्या बंद होतात, आणि हा परिणाम आपण स्वतः ओढवून घेतलेला असल्यामुळे तो दोष म्हणून दाखवता येणार नाही. पण या फ्यूजवरून फक्त अनधिकृत सॉफ्टवेअर चालवले गेले एवढेच कळते. चार्जिंग पोर्ट कशाने तुटला ते त्यावरून कळत नाही.

तिसरा दावा कायद्याचा असून तो सर्वांत फसवा आहे, कारण त्यात उल्लेखलेले कलम खरोखर अस्तित्वात आहे. २०१९ च्या कायद्यातील कलम ८७ म्हणते की हानी झाली त्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरफार वा बदल केलेला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाची कारवाई करता येत नाही. मजकूर एवढेच वाक्य उचलतो. पण उत्पादन दायित्व हे सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाल्यास किंवा इतर मालमत्तेचे नुकसान झाल्यास लागू होते, आणि त्याच कायद्यातील कलम २(२२) ‘हानी’ची व्याख्या करताना खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान आणि वॉरंटीच्या अटींच्या भंगामुळे झालेले मालमत्तेचे नुकसान स्पष्ट शब्दांत वगळते. म्हणजे ज्या कलमाचा आधार घेऊन दुरुस्ती नाकारणे योग्य ठरवले जाते, त्याचा दुरुस्तीच्या वादाशी संबंधच नाही. दुरुस्तीची तक्रार वस्तूतील दोष आणि सेवेतील त्रुटी या सदरांखाली येते.

याच्या उलट बाजूने अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस या वॉरंटीविषयक कायद्याचा किंवा युरोपीय संघाच्या नियमांचा हवाला देणेही इथे उपयोगाचे नाही. युरोपात विक्रेत्यावर दोन वर्षांची जबाबदारी असते आणि २०१९ च्या निर्देशानुसार पहिल्या वर्षात दिसलेला दोष सामान्यतः मुळातच होता असे धरले जाते. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये फोन घेतलेल्या मराठी माणसाने हे अवश्य वापरावे. पुण्यात घेतलेल्या फोनला ते लागू होत नाही.

राहिला गप्प बसण्याचा सल्ला. तो अप्रामाणिक तर आहेच, शिवाय तोट्याचाही आहे. फ्यूज किंवा कंपनीकडील अनलॉकची नोंद पुसता येत नाही, आणि एकदा खोटे बोललेला ग्राहक पुढे आयोगासमोर उभा राहिला की त्याच्या बाकीच्या म्हणण्यावरही विश्वास बसत नाही. त्यापेक्षा बदल केल्याचे सांगावे, बिघाड नेमका कोणता ते जॉबशीटवर (फोन दुरुस्तीला घेतल्याच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्यावे, आणि नकार मिळाल्यास त्याचे कारण लेखी मागावे: कोणता भाग तपासला, आणि सॉफ्टवेअरमुळे तो बिघडला हे कशावरून ठरवले. कंपनी अपवादावर बोट ठेवत असेल, तर तो अपवाद लागू होतो हे दाखवण्याची जबाबदारी तिची आहे, असा आग्रह धरावा.

त्यानंतरही दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि तिथे न सुटल्यास जिल्हा आयोगाकडे जाता येते. आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, मोबदला (वस्तूसाठी आपण दिलेली किंमत) ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल, तर कलम ३८ नुसार आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. चाचणीचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो, म्हणून फोनची किंमत आणि बिघाडाचे स्वरूप पाहूनच हे पाऊल उचलावे. परंतु प्रयोगशाळेच्या टेबलावर फोन उघडला जातो, आणि काउंटरवर माझ्या बाबतीत नेमके तेच घडले नव्हते.