रेस दिल्यावर येणारा कुईं आवाज: चूक आमचीच आहे

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. गणपतीच्या आधी आमच्याकडून गाडीत अ‍ॅम्प्लिफायर (अ‍ॅम्प) आणि सबवूफर बसवून घेतलात. आता रेस दिली की स्पीकरमधून कुईं येतं, दोनदा सकाळी बॅटरी उतरलेली मिळाली, आणि नुसत्या वायरीचे साडेतीन हजार लावले, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही दुकानात आलात तेव्हा आमच्या पोरानं "अ‍ॅम्प बसवला की एवढं येतंच" म्हणून परत पाठवलं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. नीट बसवलेल्या अ‍ॅम्पमधून इंजिनाचा आवाज येत नाही. मनापासून माफी मागतो.

प्रत्येक कामाचे फोटो आम्ही ठेवतो. तुमच्या गाडीचे काढून बघितले. अ‍ॅम्पच्या अर्थिंगची काळी वायर मागच्या सीटच्या बोल्टखाली दाबलीय आणि लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, कडेला गाडीचा रंग तसाच दिसतोय. तिथं रंग खरवडून पत्रा उघडा करायला हवा होता, बोल्ट वेगळा हवा होता, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावायला हवं होतं. चाकरमानी यायचे ते दिवस, दुकानासमोर गाड्यांची रांग होती, पण त्याचं तुम्हाला काय! आपल्या रत्नागिरीत खारा वारा आणि त्यात पावसाळा, असा अर्धवट सांधा बघता बघता गंजतो. तुमचा ५०० वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण जोरात सुमारे ५० अँपिअर ओढतो, सांध्यात ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी अर्धा व्होल्ट तिथंच जातो. मग स्टिरिओची अर्थ आणि अ‍ॅम्पची अर्थ यांत फरक पडतो आणि अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) आवाज स्टिरिओतून अ‍ॅम्पला गाणं नेणाऱ्या आरसीए वायरीतून आत शिरतो. म्हणून तो रेसबरोबर चढतो.

बॅटरीचं एक करून बघा. चावी काढा, पाच मिनिटांनी डिकी उघडा. अ‍ॅम्पचा दिवा लागलेलाच असेल तर रिमोटची निळी वायर (स्टिरिओबरोबर अ‍ॅम्प चालू-बंद करते ती) चुकीच्या ठिकाणी जोडली गेलीय आणि अ‍ॅम्प रात्रभर चालू राहतोय. तीही जोडणी आमचीच. दिवा विझत असेल तर बॅटरी तपासून देतो.

वायरीच्या पैशांचं मात्र मला पटत नाही. हजारातल्या वायरींच्या किटमध्ये बहुतेकदा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ती वायर करंट कमी वाहते, आणि जिथं सोलली तिथं खाऱ्या हवेत पांढरी भुकटी धरते. तुमच्या गाडीत बॅटरीपासून डिकीपर्यंत ४ गेजची, म्हणजे जाड, पूर्ण तांब्याची वायर आहे, आणि बॅटरीपासून दोन वितींच्या आत ६० अँपिअरचा फ्यूज. वायर कुठं घासून पत्र्याला टेकलीच तर फ्यूज उडेल, गाडी पेटणार नाही. अ‍ॅम्पजवळच्या फ्यूजनं हे होत नाही. यात मी कुणाचेच पैसे वाचवत नाही.

या आठवड्यात कधीही सकाळी दहाला या. अर्थिंग मी स्वतः नव्यानं करतो, दोन तासांचं काम आहे, एक रुपया घेणार नाही. तोवर गाडी रात्रभर उभी ठेवताना बॅटरीजवळच्या पारदर्शक डबीतला फ्यूज काढून ठेवा, आणि येताना डिकी रिकामी करून आणा.