तीस टॅब की सहा?

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला. मराठी माध्यमाच्या एका शाळेला देणगीतून टॅब मिळणार, तर एसडीएमसीनं, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीनं, तीस मागायचे की सहा? निवृत्त मास्तरांचं मत होतं, एकपण नको.

"पेरू देशानं पोरांना लॅपटॉप वाटले," मास्तर म्हणाले. "२०१२ मध्ये अहवाल आला. भाषेत फरक नाही, गणितात नाही."

"खरं दिल्लीत पडलाय की फरक," मोबाईल रिपेरीवाला म्हणाला. "शाळा सुटल्यावर केंद्रात कॉम्प्युटरवर बसवलं. जो जिथं अडकलाय तिथनं त्याला सुरुवात. साडेचार महिन्यांत हिंदी आणि गणित दोन्ही वर आलं. २०१९ ला छापून आलाय तो अभ्यास."

कन्नडचे सर तोवर गप्प होते. ते म्हणाले, "दोन्ही खरंच आहे. एकीकडं नुसती मशीन दिली, दुसरीकडं पोराच्या पायरीचा धडा दिला आणि शेजारी माणूस बसवला. टॅबवर पोरगं नेमकं काय करणार ते सांगा, मग आकडा बोलू."

आणि कन्नड शिकताना टॅब कुठं कामी येतो ते दाखवायला त्यांनी मोबाईल काढून कन्नड कीबोर्डवर 'अक्कि' लिहून दाखवलं. अक्कि म्हणजे तांदूळ, हे बेळगावच्या पोराला सांगावं लागत नाही. वाचताना मात्र ते 'अकिक' वाचतं. मराठीत जोडाक्षरातलं पहिलं अक्षर अर्धं आणि दुसरं पूर्ण. कन्नडमध्ये उलटं, पहिलं पूर्ण आणि दुसरं त्याच्या पायाशी बारीक लोंबतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. वर इकार दिसतो तो पहिल्याच अक्षराला चिकटलेला. मग मराठी डोळा आधी 'कि' वाचतो आणि खालचा 'क' नंतर ओढतो. टाईप करताना क्रम उच्चाराचा: अ, क, हलन्त (पाय मोडायची खूण), क आणि शेवटी इकार. तो इकार दाबला की पोराच्या डोळ्यांदेखत उडी मारून वरच्या 'क'वर बसतो. "हे फळ्यावर मला दाखवता येत नाही. फळ्यावर मी आधी वरचं काढतो, मग खालचं, आणि तिथंच पोरगं फसतं."

मास्तर थोडे नरमले. "बरं. खरं कीबोर्ड शब्द सुचवतोय की आपणच. पोरगं दोन अक्षरं दाबणार आणि वरचा शब्द उचलणार."

बरोबर बोलले. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन शब्द सुचवणं आणि आपोआप दुरुस्ती, दोन्ही बंद करायचं. इंग्रजी अक्षरांतून कन्नड लिहिण्याची सोयही काढून टाकायची. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत, दीर्घही. ऱ्हस्व ओचं 'कोडु' म्हणजे दे, दीर्घ ओचं 'कोडु' म्हणजे शिंग. घरी मराठी बोलणाऱ्या पोराच्या कानाला हा फरक लागतच नाही. इंग्रजी अक्षरांत दोन्ही एकच, यादीतला पहिला शब्द निवडला की काम झालं. सरांचा उपाय साधा आहे. अशा दहा जोड्या स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायच्या, पोरानं हेडफोनवर ऐकून चित्रावर बोट ठेवायचं आणि लगेच तो शब्द वहीत लिहायचा. वही सोडायची नाही यावर मास्तर आणि सर यांचं एकमत झालं. कट्ट्यावर हे क्वचितच होतं.

वाचायला गोष्टी कुठल्या? प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाईटवर एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये मिळते, पीडीएफ उतरवून ठेवता येते, पैसे पडत नाहीत. आधी मराठी कागदावर वाचून घ्यायची, अर्थ डोक्यात बसला की तीच कन्नडमध्ये. फक्त पातळीच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. मराठीत पहिल्या पातळीची सोपी गोष्ट कन्नडमध्ये ओत्तक्षरांनी भरलेली निघते. अक्षर बारीक असेल तर ओत्तक्षर ठिपक्यासारखं दिसतं, म्हणून एका पानावर चार ओळींपेक्षा जास्त नको. आणि नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप केलेली जुनी फाईल तशीच टॅबवर टाकली तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते.

खरी किंमत वसूल होते ती रेकॉर्डिंगमध्ये. पोरांच्या जोडीतला एक जण मिनिटभर वाचतो, दुसरा छापील कागदावर बोट फिरवत चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारतो. मग दोघं ऐकतात आणि तो पुन्हा वाचतो. हे व्हरांड्यात करायचं, वर्गात शेजारच्याचाच आवाज भरतो. सुरुवातीला पोरानं हजेरी नंबर मोठ्यानं सांगायचा, नाहीतर संध्याकाळी 'रेकॉर्डिंग १४' कुणाचं ते देवाला ठाऊक. मिनिटाला साधारण १ एमबी जातं, महिन्याला पुसायचं. सरांनी रोज पाचच ऐकायची, सगळी ऐकायला गेले की आठवड्यात बंद पडतं.

"आणि मिनिटाला ६० शब्द?" मास्तरांनी केंद्र सरकारच्या निपुण भारत योजनेतलं तिसरीच्या वाचनाचं माप काढलं.

"मराठीत 'जात आहे' दोन शब्द," सर म्हणाले. "कन्नडमध्ये 'होगुत्तिद्दाने' हा एक, त्यात ओत्तक्षरं दोन. दोन्हीला एकच फूटपट्टी कशी लावणार? पोराचं मागच्या महिन्याचं रेकॉर्डिंग आणि आजचं, एवढंच ताडून बघायचं."

मग आकड्यावर आले. चोवीस पोरं, चाळीस मिनिटांचा तास. एका टॅबला स्प्लिटर लावून दोन हेडफोन. बारा पोरं टॅबवर, बारा वहीवर, वीस मिनिटांनी अदलाबदल. सहा पुरले.

रिपेरीवाल्याला तर तीस नकोच होते. "तीस चार्जर म्हणजे पाच-पाच सॉकेटचे सहा बोर्ड, आणि वर्गात सॉकेट एक. सहा टॅबला सहा पोर्टचा एकच चार्जर पुरतो. कणकुंबी-जांबोटीकडची, धो धो पावसाच्या भागातली शाळा असली तर पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. चार्जिंगचं तोंड ओलं असताना पिन घातली की गंज धरतो. एप्रिलमध्ये सुट्टी लागली की अर्ध्या चार्जवर बंद करून ठेवा. शून्यावर ठेवले तर जूनमध्ये निम्मे उठत नाहीत, फुल्ल करून उन्हातल्या कपाटात ठेवले तर बॅटरी फुगते."

"डब्याची किल्ली कुणाकडं?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्याकडं नको," सर म्हणाले. "तुम्ही उघडणारच नाही."