९० युनिट पोटात आणि दार उघडेना

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाला एकाच प्रश्नाचं उत्तर जन्मभर द्यावं लागतं. "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत, दंतवैद्याच्या खुर्चीत 'आ' वासलेला असताना. पहिल्या वर्षी मी छाती काढून "५५०" सांगायचो. दुसऱ्या वर्षी "४५० कुठं गेले नाहीत." आता पाच वर्षं झाली. आता मी उलट विचारतो, "जायचंय कुठं? आणि एसी लावायचाय का?"

कंपनी खोटं बोलत नाही हो. तो आकडा रोलरवर, ठरावीक तापमानात, ठरावीक वेगानं गाडी पळवून काढलेला असतो. त्या गाडीत मागच्या सीटवर माझे सासरे बसलेले नसतात, एवढाच काय तो फरक. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो हे शाळेत घोकलं होतं, पण अंगावर आलं ते हायवेवर. वेग ८० वरून १२० वर नेला की हाच विरोध सव्वादोन पट होतो. एकदा परतीच्या वाटेवर घर ४६ किलोमीटर लांब आणि पडद्यावर ५२ दाखवत होते. म्हणजे सहा किलोमीटरची शिल्लक. मी वेग ६० वर आणला, एसी बंद केला आणि श्वाससुद्धा बेतानं घेऊ लागलो. लाकडं भरलेल्या एका ट्रकनं आम्हाला मागं टाकलं आणि वर हॉर्नही दिला. सासरे घाम पुसत म्हणाले, "जावईबापू, एवढ्या पैशात एखादा पंखा तरी बसवून घ्यायचा होतात."

घरी पोचलो तेव्हा ४ टक्के उरले होते. मला एव्हरेस्ट सर केल्यासारखं वाटत होतं. बाकीचे न बोलता उतरले.

तरी गाडी वाईट आहे असं मी म्हणणार नाही. खरं सांगायचं तर गाडीत खोट काढायला जागाच नाही, आणि तेच माझं दुखणं आहे. सिग्नल सुटला की ती अशी निघते की पाठ सीटला चिकटते आणि पोट एक चौक मागं राहतं. सकाळी खाली उतरावं तर टाकी भरलेली, आतली हवा आपल्याला हवी तशी गार किंवा उबदार. पाच वर्षांत ऑइल बदललं नाही, कारण बदलायला इंजिन ऑइलच नाही. आणि ती शांतता! पहिल्या आठवड्यात मी चालू गाडी तशीच सोडून दोनदा घरात गेलो.

पण शांततेचं एक असतं. इंजिनाच्या आवाजाखाली जे जे झाकलेलं होतं ते सगळं उघडं पडतं. दुसऱ्या वर्षी डाव्या बाजूनं कुठून तरी 'टिक' असा आवाज यायला लागला. खड्ड्यात एकदा, वळणावर दोनदा. जुन्या गाडीत सायलेन्सर रस्त्यावर घासत होता तरी मला पत्ता नसायचा. इथं एका 'टिक'नं माझी झोप उडाली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दाराचं पॅनेल काढलं, डॅशबोर्ड सैल केला, पुन्हा घट्ट केला. एक तरुण मेकॅनिक स्टेथोस्कोपसारखं काहीतरी कानाला लावून मागच्या सीटवर आडवा पडून माझ्याबरोबर अर्धा तास फिरला. शेवटी बायकोनं सीटखाली हात घातला आणि सासऱ्यांची बी.पी.च्या गोळ्यांची डबी बाहेर काढली. आत दोन गोळ्या होत्या.

त्याच मेकॅनिकनं मला आणखी एक सल्ला दिला. या गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटरच उलटी राबते, वीज परत बॅटरीत भरते आणि गाडी हळू होते. ब्रेकला काही कामच उरत नाही. परिणाम असा की ब्रेकचे पॅड चार वर्षांनीही नव्यासारखे होते आणि डिस्कवर गंज चढला होता. "सर, अधूनमधून जोरात ब्रेक मारत जा," तो म्हणाला. ड्रायव्हिंग शिकल्यापासून मला याच्या उलटं सांगत आले होते. टायरांचं मात्र नेमकं वेगळं. ५०० किलोंच्या वर वजनाची बॅटरी फरशीत आणि तो सिग्नलवरचा तोरा, दोन्हींची किंमत टायर मोजतात. माझे २५,००० किलोमीटरलाच गुळगुळीत झाले. नवे घ्यायला गेलो तर कळलं की आवाज दाबायला त्यांच्या आतून फोमचा थर असतो आणि त्या फोमचंही बिल असतं.

सॉफ्टवेअरविषयी थोडक्यात सांगतो, नाहीतर बी.पी.ची डबी मलाच लागेल. गाडी रात्री झोपेत अपडेट होते आणि सकाळी तिला मी परका असतो. काल जिथं वायपर होता तिथं आज हवामान असतं. समोरचा कप्पा उघडायला हँडल नाही. पडद्यावर तीन पायऱ्या उतरून गेलं की तो उघडतो. एकदा पोलिसानं कागद मागितले. मी पडद्यावर बोटं फिरवत "एक मिनिट साहेब" म्हणत राहिलो. या गडबडीत सनरूफ उघडलं, मागची डिकी उघडली, सीट मसाज करू लागलं. शेवटी तोच म्हणाला, "राहू द्या."

चार्जिंग स्टेशनवर थांबण्याचा वेळ मी वाचनात घालवू लागलो. ८० टक्क्यांनंतर बॅटरी हट्टी मुलासारखी तोंड मिटते. आधीचे सत्तर टक्के जेवढ्या वेळात भरले तेवढा वेळ शेवटचे वीस खातात. म्हणून शहाणी माणसं ८० ला वायर काढून निघतात. माझ्यापुढचा गृहस्थ नेमका शहाणा नव्हता. ९१ वर तो खुर्ची मागं टाकून घोरत होता. मी त्याच्या काचेशी जाऊन दोनदा खोकलो आणि परत येऊन वाचत बसलो. वाचता वाचता सापडलं ते असं: ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली गाडी पेट्रोलची नव्हतीच, इलेक्ट्रिक होती. साल १८९९. कामी जेनात्सी नावाच्या बेल्जियन माणसानं पॅरिसजवळ ती पळवली, १०५ च्या वर. हवा कापायला तिचा आकार टॉर्पेडोसारखा निमुळता केला होता, आणि या टॉर्पेडोवर जेनात्सी स्वतः कमरेपासून वर बाहेर, भर वाऱ्यात बसलेला. म्हणजे तेव्हापासून या गाडीच्या कामगिरीत अडथळा एकच आहे. तो स्टिअरिंगमागं बसतो. गाडीचं नाव होतं 'ला जमे काँताँत', म्हणजे 'कधीच समाधान नसलेली'. मी हे बायकोला कौतुकानं वाचून दाखवलं. तेव्हापासून घरात हे नाव चालतं. गाडीसाठी नाही.

कारण मला तोवर टक्केवारीचा आजार जडला होता. गाडीचं ॲप फोनवर असतं. ते उघडलं की गाडीचं एक गोजिरं चित्र येतं आणि खाली आकडा. मी सकाळी डोळे उघडले की आकडा बघायचो. दात घासताना बघायचो. मीटिंगमध्ये टेबलाखाली बघायचो. गाडी खाली तळघरात उभी. आकडा कुठं जाणार होता? तरी बघायचो. कधी ८० चे ७९ झालेले असायचे आणि माझा दिवस जायचा. "अहो, मुलगा परगावी आहे, त्याला दिवसातून एकदा तरी फोन करता का?" बायकोनं विचारलं. मुलगा जेवलाय की नाही ते ॲपवर दिसत नाही, यात माझा काय दोष?

आणि मग ती पहाट आली. बायकोला पाचला स्टेशनवर सोडायचं होतं. मी बॅग घेऊन तळघरात उतरलो. एरवी मी जवळ गेलो की चारही दारांचे हँडल सळसळत बाहेर येतात, पाहुण्याला नमस्कार केल्यासारखे. त्या दिवशी काही नाही. गुळगुळीत, हँडल नसलेली, घरंगळलेल्या वाटाण्यासारखी गाडी. मी हात लावला. थोपटलं. किल्लीचं बटण दाबलं. ॲप उघडलं तर 'वाहनाशी संपर्क होऊ शकत नाही.' हेल्पलाइन लावली.

"सर, गाडीत बसून स्क्रीनवर सेटिंग उघडा."

"गाडीच उघडत नाहीये म्हणून तर फोन केलाय."

"बरोबर आहे सर. मग ॲपमधून उघडा."

त्यांच्या वरच्या साहेबांकडून जे कळलं ते ऐकून मी बॅगेवरच बसलो. या गाडीच्या पोटात ९० युनिटची बॅटरी आहे; घरातला फ्रिज तिच्यावर दोन महिने तरी चालावा. पण ती शेकडो व्होल्टची असल्यामुळे सुरक्षेसाठी बंद दाराआड असते, आणि ते दार उघडणारा शिपाई म्हणजे १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी. तीच, साध्या गाडीत असते ती. दारं, दिवे, पडदा, सगळं तिच्या जिवावर. शिपाई मेला की राजा कोठडीत. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं म्हणतात ते हेच. ओढून न्यावी म्हटलं तर चाकं जमिनीवर फिरवत ओढायची नाही, मोटर वीज करू लागते. अख्खी ट्रकवर चढवायची. आणि तो ट्रक तळघराच्या उतारावर मावत नाही.

"अहो, टॅक्सी आलीय," वरून बायकोचा आवाज आला. ती रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मेहुणा आला साडेसहाला. त्याची डिझेल गाडी १४ वर्षांची, एक दिवा सेलोटेपनं चिकटवलेला. तिचं दार किल्लीनं उघडतं. पाच वर्षांत या माणसाला मी प्रदूषणावर किती ऐकवलं असेल त्याचा हिशेब नाही. "दाजी, कुठाय पेशंट?" त्यानं विचारलं आणि बाही सरसावली.

माझ्या रिमोटच्या पोटातून एक लोखंडी पातं निघतं हे मला त्या सकाळी कळलं. त्याचं भोक ड्रायव्हरच्या हँडलपाशी, गाडीच्याच रंगाच्या टिकलीएवढ्या झाकणाखाली लपवलेलं. मेहुण्यानं ते नखानं उचकटलं, पातं घातलं, आणि दार 'खट्' करून उघडलं, कुठल्याही जुन्या दारासारखं. मग बॉनेट, मग काळं प्लास्टिकचं आवरण, मग लाल वायर, काळी वायर. त्याची गाडी ढर्रर्र करत धूर सोडत थरथरत होती. माझी हळूहळू शुद्धीवर आली. पडद्यावर आधी 'सुप्रभात' उमटलं. मग आकडा: ८० टक्के. चारही हँडल एकदम बाहेर आले, मेहुण्याला नमस्कार करायला.

तो काही बोलला नाही. निघताना फक्त म्हणाला, "डिझेलचे नंतर बघू."

नव्या बॅटरीबरोबर मेकॅनिकनं रिपोर्ट दिला. जुनीचं वय झालं होतंच, पण तिला मारलं वेगळ्याच गोष्टीनं. ॲप उघडलं की प्रत्येक वेळी गाडी झोपेतून उठते, कॉम्प्युटर जागे होतात, आणि तो सगळा जागरणाचा खर्च त्या बिचाऱ्या १२ व्होल्टवर. "दिवसातून किती वेळा उघडता, सर?" मी म्हटलं, "दोनतीनदा." त्यानं कागद माझ्याकडं वळवला. एका मंगळवारी ४१.

गाडी विकावी का, असंही मधे आलं होतं मनात. विचारणा केली. समोरच्यानं मूळ किमतीच्या निम्म्याहून कमी आकडा असा सहज सांगितला, जसा आपण रद्दीचा भाव ऐकतो. नवीन मॉडेल जास्त पळतं म्हणे. मी म्हटलं, मोठ्या बॅटरीची तब्येत अजून ९२ टक्के आहे. तो म्हणाला, "छानच आहे." माझ्या गुडघ्यांची कुणी पाच वर्षांनी ९२ टक्के काढून दिली तर मी पेढे... असो, साखर बंद आहे. गाडी घेऊन घरी आलो. येताना सिग्नलला पाठ सीटला चिकटली आणि तो माणूस मला मूर्ख वाटू लागला.

ॲप आता बायकोच्या फोनवर आहे. माझ्या फोनवरून तिनं ते काढलं, पासवर्ड बदलला. "किती आहे?" असं मी विचारलं की ती वर न बघता सांगते, "झोपलीय."

त्यामुळे रात्री अकराला मी कचरा टाकायला खाली जातो. एवढा कचरा आमच्या घरात होत नाही. तळघरात अंधार असतो, गाडी आपल्या जागी असते, सगळं ठीक असतं. मी दहा पावलांवर थांबतो, नुसतं बघायला. आणि चारही हँडल सळसळत बाहेर येतात, दिवे लागतात, आत पडदा उजळतो. किल्ली पायजम्याच्या खिशातच राहिलेली असते. मग मी चवड्यांवर, पाठ न दाखवता, लिफ्टपर्यंत उलटा चालत जातो.