दोन फेऱ्यांत संपवू नका डेव्ह मॅकडोनाल्डला

30 मे 1964 ची ती फिल्म तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस 500 या मोठ्या कार शर्यतीचा ट्रॅक, चौथ्या वळणातून बाहेर पडताना गरकन फिरलेली गाडी, आतल्या भिंतीला धडक, क्षणात पेटलेला डोंब आणि स्टँडच्याही वर गेलेला काळा धूर. दर मे महिन्यात ती कुठून ना कुठून वर येते. खाली कधी 'सर्वात भयानक अपघात' लिहिलेलं असतं, कधी 'नवख्याच्या चुकीमुळे दोघांचा जीव गेला'. तो नवखा म्हणजे डेव्ह मॅकडोनाल्ड. त्याच्याविषयी पुढे कुणी काही सांगत नाही. जणू शर्यतीच्या दुसऱ्या फेरीत तो जन्माला आला आणि दुसऱ्याच फेरीत गेला.

मला हे फार लागतं. साठच्या दशकातल्या अमेरिकन स्पोर्ट्स कार शर्यतींविषयी मी जितकं वाचत गेलो, तितकं पटत गेलं की त्या काळातल्या सर्वात वेगवान चार-पाच माणसांत याला बसवायलाच हवं. आज हे सगळं सविस्तर लिहितोय. लांबेल, पण वाचा.

डेव्हचा जन्म 23 जुलै 1936 चा, लॉस एंजेलिसजवळच्या एल माँटे गावातला. दुसऱ्या महायुद्धानंतरचा दक्षिण कॅलिफोर्निया म्हणजे गाड्यांचं माहेरघर. जुन्या फोर्डचं इंजिन काढून दुसऱ्या सांगाड्यात बसवणं हा तिथल्या पोरांचा रोजचा खेळ. डेव्ह त्याच मातीतला. आधी सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यती, मग 1960 पासून वळणावळणाच्या ट्रॅकवर कॉर्व्हेट, म्हणजे शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार. स्वभावाने बुजरा, कमी बोलणारा. बायको, दोन लहान मुलं. फोटोतला त्याचा चेहरा बघितला तर हा माणूस गाडीत बसल्यावर काय करत असेल याचा अंदाजही येणार नाही.

काय करायचा? गाडी आडवी चालवायचा. अक्षरशः. त्याला लोक ओव्हरस्टिअरचा, म्हणजे गाडीचं मागचं टोक बाहेर घसरवत वळण्याचा, उस्ताद म्हणायचे. हे काय प्रकरण आहे ते समजून घ्या, कारण पुढे 'बेफाम चालवायचा' असा जो आरोप होतो त्याचं मूळ इथेच आहे. 1962 पर्यंतच्या कॉर्व्हेटला मागे एकसंध ॲक्सल, ड्रम ब्रेक, पुढे जड व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन आणि आजच्या मानाने काटकुळे टायर. अशी गाडी वळणावर पुढच्या चाकांच्या भरवशावर वळवायला गेलात तर ती सरळच जात राहते. डेव्ह वळणाच्या आधीच तिचं शेपूट सोडून द्यायचा, स्टिअरिंग उलट्या दिशेला धरायचा आणि ॲक्सिलरेटरने ती घसरण कमी-जास्त करत वळणातून बाहेर पडायचा. पाहणाऱ्याला वाटायचं, आता गेला. आणि तो पुन्हा पुन्हा पहिला यायचा. मागच्या चाकांना रस्त्याची किती पकड उरली आहे, हे ज्याला दर क्षणाला कळतं त्यालाच हे जमतं. बेफाम माणसाला ते दोन वळणंसुद्धा जमणार नाही.

ऑक्टोबर 1962, कॅलिफोर्नियातला रिव्हरसाइड ट्रॅक. नव्याकोऱ्या कॉर्व्हेट स्टिंग रेची ही पहिली शर्यत आणि शर्यती सोडून गाड्या बनवायला लागलेल्या कॅरल शेल्बीच्या कोब्राचीही पहिलीच. स्टिंग रे चालवणाऱ्यांत डेव्ह होता. बिली क्रॉझच्या हातातली कोब्रा मागच्या चाकाचा भाग तुटेपर्यंत सगळ्यांच्या पुढे पळत होती. इंग्लंडच्या एसी कंपनीची हलकी गाडी आणि तिच्यात फोर्डचं व्ही-8. त्या दिवशी ती जिंकली नाही, पण वारं कुठल्या दिशेने फिरतंय ते सगळ्यांना दिसलं. जिंकली ती डग हूपरने चालवलेली स्टिंग रे, मिकी थॉम्पसनच्या संघाची. थॉम्पसनचं नाव पुढे परत येणार आहे.

काही महिन्यांतच डेव्ह शेल्बीकडे गेला. 1963 च्या सुरुवातीला त्याच रिव्हरसाइडवर कोब्राने आपली पहिली शर्यत जिंकली, तेव्हा स्टिअरिंगवर डेव्ह मॅकडोनाल्ड होता. दुसरा आला केन माइल्स. 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' सिनेमामुळे माइल्सचं नाव आता आपल्याकडेही ओळखीचं आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय. कोब्राच्या इतिहासातलं पहिलं पान डेव्हच्या नावावर आहे.

आणि मग त्याच वर्षीचा ऑक्टोबर. माझ्या मते डेव्हला समजून घ्यायचं तर बाकी सगळं बाजूला ठेवून हे आठ दिवस बघावेत. शेल्बीने कूपर मोनॅको ही मागे इंजिन असलेली छोटी इंग्लिश स्पोर्ट्स कार घेतली. ती मुळात चार सिलिंडरच्या क्लायमॅक्स इंजिनासाठी घडवलेली. तिच्यात 4.7 लिटरचं फोर्ड व्ही-8 बसवलं आणि नाव दिलं किंग कोब्रा. एवढ्या हलक्या सांगाड्याला एवढी ताकद. 13 ऑक्टोबरला रिव्हरसाइडवर लॉस एंजेलिस टाइम्स ग्रां प्री. मैदानात कोण कोण होतं बघा: महिन्यापूर्वीच मोंझाला विश्वविजेता ठरलेला जिम क्लार्क, डॅन गर्नी, आपली पांढरी शॅपरल घेऊन जिम हॉल, रॉजर पेन्स्के. जिंकला डेव्ह मॅकडोनाल्ड. कुणाला वाटलं असेल, घरचं मैदान, नशीब. पुढच्याच रविवारी लगुना सेकाला पॅसिफिक ग्रां प्री होती. तिथेही डेव्हच जिंकला. रिव्हरसाइड वाळवंटातला लांब, वेगवान ट्रॅक आणि लगुना सेका टेकड्यांतला चढउतारांचा. दोन्हीकडे एकच माणूस, एकच गाडी. सत्तावीस वर्षांचं वय.

नोव्हेंबरमध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टाला त्याने नॅस्कार या अमेरिकन शर्यत-मालिकेतली भलीमोठी सेडान रोड कोर्सवर चालवली आणि दुसरा आला. पहिला होता नॅस्कारचा नावाजलेला चालक फायरबॉल रॉबर्ट्स. ही दोन नावं एकाच निकालपत्रावर एकाखाली एक लिहिलेली आहेत आणि पुढच्या मे महिन्यात दोघांचं काय झालं हे माहीत असल्यामुळे मला त्या कागदाकडे शांतपणे बघवत नाही.

1964 च्या सुरुवातीला पीटर ब्रॉकने रेखाटलेली कोब्रा डेटोना कूप तयार झाली. उघड्या कोब्राला सरळ रस्त्यावर हवा अडवायची, म्हणून हे बंद, लांबट, मागून कापलेलं शरीर. उद्देश उघड होता: जीटी वर्गात, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवर आधारलेल्या गाड्यांच्या गटात, फेरारीच्या जीटीओला हरवणं. फेब्रुवारीत डेटोनाच्या 2000 किलोमीटर शर्यतीत डेव्ह आणि बॉब होल्बर्ट या जोडीने मोठी आघाडी घेतली होती. पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबवायच्या जागी, इंधन भरताना तापलेल्या डिफरन्शियलमुळे (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा भाग) आग लागली, एक मेकॅनिक भाजला आणि गाडी बाद झाली. महिन्याभराने सेब्रिंगच्या बारा तासांत याच जोडीने, याच गाडीने जीटी वर्ग जिंकला. एकूण क्रमांक चौथा, पुढे फक्त फेरारीचे तीन प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठीच बनवलेल्या वेगळ्या वर्गातल्या गाड्या. एकही जीटीओ पुढे नाही. 1965 मध्ये या कूपनी जीटी वर्गाचं जागतिक विजेतेपद फेरारीकडून हिसकावलं, त्याचा पाया सेब्रिंगला घातला गेला होता.

10 मेला वॉशिंग्टन राज्यातल्या केंटला किंग कोब्रात आणखी एक विजय. आणि तीनच आठवड्यांनी इंडियानापोलिस.

आता त्या गाडीविषयी. मिकी थॉम्पसन कल्पक माणूस होता, हे आधी मान्य करू. 1960 मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी 400 मैलांचा पल्ला ओलांडणारा पहिला अमेरिकन तोच. 1963 साठी त्याने इंडियानापोलिसला मागे इंजिन असलेली, बारा इंची चाकांची, जमिनीला चिकटलेली गाडी आणली. ग्रॅहॅम हिलने ती चालवून पाहिली आणि नको म्हणून निघून गेला. 1964 साठी नियम आला की चाक किमान पंधरा इंची हवं. बारा इंची चाकांसाठी आखलेल्या गाडीला मोठी चाकं आणि नवं शरीर चढवण्यात आलं. सरावात मास्टन ग्रेगरी त्या गाडीवर भरवसा ठेवू शकला नाही आणि संघ सोडून गेला. हिल आणि ग्रेगरी, दोघंही अनुभवी, युरोपात नाव कमावलेले. ते नाही म्हणू शकले. डेव्ह तिथे पहिल्यांदाच आला होता. फोर्डचं इंजिन, मोठ्या कंपनीचं प्रायोजकत्व, जगातली सर्वात मोठी शर्यत. त्याने 151 मैलांहून जास्त सरासरी वेगाने, म्हणजे ताशी सुमारे 244 किलोमीटरने, चौदावी जागा मिळवली. ज्या गाडीला इतरांनी हात जोडले ती त्याने पाचव्या ओळीत आणून उभी केली.

दुसऱ्या फेरीत ती सुटली. भिंतीला आपटली, टाकी फुटली, पेटलेली गाडी घसरत परत ट्रॅकवर आली आणि मागून येणाऱ्या एडी सॅक्सला ती चुकवता आली नाही. सॅक्स जागीच गेला. डेव्ह सुमारे दोन तासांनी हॉस्पिटलमध्ये. इंडियानापोलिस 500 अपघातामुळे थांबवावी लागली ती इतिहासात पहिल्यांदाच. (सॅक्सवर स्वतंत्र लिहायला हवं. 1961 मध्ये शेवटच्या तीन फेऱ्या उरलेल्या असताना झिजलेला टायर बदलायला तो पिटमध्ये आला आणि जिंकत आलेली शर्यत हरला. लोकांचा अतिशय लाडका माणूस होता.)

इंधनाची गोष्ट बहुतेक जण गाळतात. इंडियानापोलिसच्या जुन्या, पुढे इंजिन असलेल्या रोडस्टर मेथॅनॉलवर (एक प्रकारचं अल्कोहोल) चालायच्या. नव्या, मागे इंजिन असलेल्या फोर्ड गाड्यांनी पेट्रोल आणलं, कारण पेट्रोल कमी लागतं आणि थांबे वाचतात. त्याची किंमत म्हणजे सुरुवातीलाच पेट्रोलने भरलेल्या टाक्या घेऊन पळायचं. मेथॅनॉलची आग पाण्याने विझते आणि काळा धूर करत नाही. पेट्रोलच्या धुराने त्या दिवशी मागच्या चालकांना समोरचं काही दिसलं नाही. मेथॅनॉल निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. त्याच शर्यतीत पार्नेली जोन्सच्या गाडीची टाकी पिटमध्ये फुटली आणि त्याला उडी मारावी लागली. पण पहिल्या काही फेऱ्यांत, सगळे जवळजवळ असताना, भरलेली पेट्रोलची टाकी चालकाच्या अंगाशी ठेवून शर्यत सुरू करायची, हा निर्णय डेव्हचा नव्हता. आणि आठवड्यापूर्वीच, 24 मेला, शार्लटच्या नॅस्कार शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स पेट्रोलच्याच आगीत होरपळला होता. तो 2 जुलैला गेला. इशारा मिळाला होता, पण आठवड्यात कुणी काही बदललं नाही.

बदल नंतर झाले. इंडियानापोलिसने पुढच्या वर्षीसाठी इंधनाविषयीचे नियम कडक केले, टाकीत रबरी पिशव्या आल्या, इंधनासाठी थांबणं सक्तीचं झालं आणि गाड्या पुन्हा मेथॅनॉलकडे वळल्या. आज शर्यतीच्या गाडीत न फुटणारी इंधनाची पिशवी असते, ती त्या वर्षानंतर रुळत गेली.

म्हणून मला 'नवख्याची चूक' हे शब्द मान्य नाहीत. त्याने ती गाडी घ्यायला नको होती का? कदाचित. पण ज्या काळात चालकाला मिळेल त्या सीटवर बसून स्वतःला सिद्ध करावं लागे, त्या काळात पहिल्यांदाच आलेल्या सत्तावीस वर्षांच्या मुलाकडून आपण नकाराची अपेक्षा करतो. गाडी बनवणाऱ्यांना, तिला पास करणाऱ्यांना, नियम लिहिणाऱ्यांना, इंधन ठरवणाऱ्यांना मात्र कुणी काही विचारत नाही. मेलेल्या माणसावर दोष टाकणं सगळ्यांना सोयीचं असतं, कारण तो उत्तर द्यायला येत नाही.

तो विस्मरणात गेला याला काळही कारणीभूत आहे. फोर्ड आणि फेरारीची खरी लढाई, फ्रान्समधली ल माँ 1966 शर्यत, कोब्राचं जागतिक विजेतेपद, कॅन-ॲम या अमेरिका-कॅनडातल्या मालिकेची मोठी इंजिनं, हे सगळं त्याच्यानंतर दोन-तीन वर्षांत घडलं. ऑक्टोबर 1964 मध्ये टाइम्स ग्रां प्री पुन्हा किंग कोब्रानेच जिंकली, चालवत होता पार्नेली जोन्स. होल्बर्टनेही 1964 मध्येच शर्यती सोडल्या. शेल्बीच्या संघाच्या कहाण्या पुढे ज्यांनी सांगितल्या ते उरलेले लोक होते आणि साहजिकच त्यांच्या आठवणीत पुढची वर्षं जास्त जागा घेतात.

रिव्हरसाइड आता नाही. 1989 मध्ये बंद झालं, त्या जागेवर मॉल उभा आहे. पण डेव्हने डेटोना आणि सेब्रिंगला चालवलेली पहिली कूप, चॅसी क्रमांक सीएसएक्स 2287, शाबूत आहे. 2014 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदणीत दाखल झालेली ती पहिली गाडी. फिलाडेल्फियाच्या सिमिओन म्युझियममध्ये ठेवली आहे. न्यू जर्सी आणि फिलाडेल्फिया भागात आपले कितीतरी मराठी लोक राहतात, त्यातले काही ही पोस्ट वाचत असतील. मुलांना घेऊन एकदा जा. ती गाडी दाखवा आणि सेब्रिंगला ती कुणी चालवली होती हेही सांगा. आणि पुढच्या मे महिन्यात ती आगीची फिल्म समोर आली तर ती पुढे न पाठवता रिव्हरसाइड 1963 चा एखादा फोटो शोधून टाका. किंग कोब्रा, पुढची चाकं उलटी वळलेली, गाडी पूर्ण आडवी. असे फोटो भरपूर आहेत.