लिंबू-सोड्याने दात पांढरे होतात, हा मेसेज खरा नाही

आपल्या सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय की लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा कालवून रोज दातावर घासा, दात मोत्यासारखे होतात, आणि डॉक्टरकडचं ब्लीचिंग करू नका त्याने दात झिजतात. खरं तर उलटंय हो.

लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 2 ते 2.5 असतो आणि दाताचं वरचं आवरण म्हणजे इनॅमल, पीएच 5.5 च्या खाली गेला की विरघळायला लागतं. सोड्याने थोडं आम्ल मरतं पण कालवताना प्रमाण कोण मोजतंय, आणि वर तुम्ही ते घासताय. गेलेलं इनॅमल परत येत नाही. ते पातळ झालं की आतला पिवळा थर जास्तच दिसतो, म्हणजे पांढरं करायला जाऊन दात अजून पिवळे!

ब्लीचिंगसाठी डॉक्टरकडे हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल लावतात, साधारण 25 ते 40 टक्क्यांचं, हिरड्या झाकून. घरी लावायचं असेल तर मापाचा ट्रे बनवून देतात, त्यात बहुतेकदा 10 टक्के कार्बमाइड पेरॉक्साइड (त्यातूनही हायड्रोजन पेरॉक्साइडच सुटतं). हे घासत नाही, आत शिरून डाग फोडतं. काही दिवस ठणका लागतो, तो बहुतेक आपोआप जातो. कॅप आणि दातात भरलेलं सिमेंट मात्र पांढरं होत नाही.

मावा, मिश्रीचे डाग असतील तर आधी डॉक्टरकडे नुसतं क्लीनिंग करून बघा, पुष्कळांचं तेवढ्यावरच भागतं.