'युरोपचा ऑस्कर' म्हणे!

थंडी सुरू झाली की सिनेमावेड्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो माझ्याकडे तीन वाटांनी आला, त्यातली एक वाट फिल्म सोसायटीच्या ग्रुपची. बाकीच्यांचं सोडा, पण तिथे तरी कुणीतरी "हे कुठे वाचलंत?" असं विचारायला हवं होतं. विचारलं कुणीच नाही, अंगठे मात्र भरपूर पडले.

मजकुराचा सारांश असा: युरोपियन फिल्म अवॉर्ड हा युरोपचा ऑस्कर. युरोपियन युनियन तो आपल्या सभासद देशांच्या सिनेमांना देते. ब्रेक्झिटमुळे ब्रिटन त्यातून बाद झाला. मूठभर परीक्षक बंद खोलीत बसून फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचाच निकाल पुन्हा वाचून दाखवतात. बक्षीस बहुतेक वेळा फ्रान्सच्या घरात जातं, इंग्रजी सिनेमाला दारातूनच परत पाठवतात, आणि भारताचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही.

एकेक घेऊ.

"युरोपियन युनियन देते."

पहिला सोहळा नोव्हेंबर १९८८ मध्ये पश्चिम बर्लिनच्या थिएटर देस वेस्टेन्समध्ये झाला. युरोपियन युनियन अस्तित्वात आली ती मास्ट्रिख्ट करार लागू झाल्यावर, १९९३ च्या नोव्हेंबरात. पुरस्कार देणाऱ्यापेक्षा पुरस्कारच पाच वर्षांनी मोठा, असा हा चमत्कार. आणि त्या पहिल्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट कुठला? क्षिश्तोफ किस्लोव्स्की यांचा 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग'. म्हणजे पोलंडचा. पोलंडात तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती आणि थिएटरपासून काही किलोमीटरवर बर्लिनची भिंत शाबूत होती. त्या भिंतीच्या अलीकडे बसून पलीकडच्या गटातल्या सिनेमाला पहिला मान दिला गेला, यातच या पुरस्काराचा स्वभाव कळतो.

हा पुरस्कार देते युरोपियन फिल्म अकादमी. ती सिनेमावाल्यांनी सिनेमावाल्यांसाठी काढलेली संस्था, कार्यालय बर्लिनला. पहिले अध्यक्ष इंगमार बर्गमन, नंतर जवळजवळ पाव शतक विम वेंडर्स, मग आग्नियेश्का हॉलंड, आणि २०२४ पासून ज्युलिएट बिनोश. गैरसमज होण्याची कारणं मात्र समजण्यासारखी आहेत. युरोपीय संसदेचा 'लक्स' नावाचा प्रेक्षक पुरस्कार आहे. तो २०२० पासून संसद आणि ही अकादमी मिळून देतात, त्यामुळे नावं एकमेकांत मिसळतात. पण तो पुरस्कार वेगळा आणि हा वेगळा. निळ्या झेंड्यावरचे बारा तारे दिसले की लोक लगेच युनियन म्हणतात. तो झेंडासुद्धा मुळात युरोप परिषदेचा (ही युनियनहून वेगळी संस्था), १९५५ सालचा. युनियनच्या पूर्वावताराने तो १९८० च्या दशकात घेतला.

"ब्रेक्झिटनंतर ब्रिटन बाद."

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युनियनमधून बाहेर पडला. २०२१ चा सर्वोत्कृष्ट अभिनेता होता अँथनी हॉपकिन्स, 'द फादर'साठी. विषय संपला.

थोडं पुढे जायचं तर २०२२ चा सोहळा आइसलँडच्या रेक्याविकमध्ये झाला आणि २०२४ चा स्वित्झर्लंडच्या लुसर्नमध्ये. दोन्ही देश युनियनमध्ये कधीच नव्हते. २०२१ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट, यास्मिला झ्बानिच यांचा 'को वादिस, आयदा?', हा बोस्नियाचा. तोही युनियनबाहेरचाच देश. याहून गंमत म्हणजे या अकादमीच्या नकाशात इस्राएल आणि पॅलेस्टाइनही येतात. २००५ चा पटकथेचा पुरस्कार 'पॅराडाइज नाऊ'ला होता, दोन पॅलेस्टिनी तरुणांची गोष्ट. २००७ चा अभिनेता होता सासोन गाबाय, 'द बँड्स व्हिजिट' या इस्राएली चित्रपटातला. शाळेत नकाशा असा भरला असता तर भूगोलाच्या बाईंनी पट्टी काढली असती.

मग 'युरोपीय' ठरवायचं कसं? सिनेमाला पासपोर्ट नसतो, म्हणून गुण मोजतात. युरोप परिषदेच्या १९९२ च्या सहनिर्मिती करारात एकूण १९ गुणांचा तक्ता होता. दिग्दर्शक युरोपीय असेल तर ३, लेखक ३, मुख्य भूमिका ३, संगीतकार १, छायालेखक १, संकलक १, अशी उतरंड. १५ भरले की चित्रपट युरोपीय. अकादमीचा हिशेबही याच जातीचा आहे. आपल्याकडे 'मराठी चित्रपट' कशाला म्हणायचं यावर चहाच्या टपरीवर जे वाद होतात, त्यांना असा एखादा तक्ता दिला तर किती वेळ वाचेल!

"मूठभर परीक्षक, बंद खोली."

सुरुवातीच्या वर्षांत छोटी ज्युरी निर्णय घेत असे, हे खरं. आता मुख्य पुरस्कारांसाठी अकादमीचे सभासद मत देतात, आणि ते पाच हजारांहून जास्त आहेत: दिग्दर्शक, नट, छायालेखक, निर्माते, वितरक. छायालेखन, संकलन, वेशभूषा वगैरेंचे पुरस्कार मात्र बरीच वर्षं एका छोट्या ज्युरीने ठरवले. तेवढ्यापुरतं फॉरवर्डवाल्याला अर्धा गुण द्यायला माझी हरकत नाही.

"कानचीच नक्कल."

हे विधान ऐकायला खरं वाटतं, म्हणून मी वही काढून बसलो. १९८८ ते २०२४ या काळातले सर्वोत्कृष्ट चित्रपट ३७. त्यातले त्याच वर्षी कानला पाम दोर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळालेले किती? 'डान्सर इन द डार्क', '४ मंथ्स, ३ वीक्स अँड २ डेज', 'द व्हाइट रिबन', 'आमूर', 'द स्क्वेअर', 'ट्रँगल ऑफ सॅडनेस', 'अॅनाटॉमी ऑफ अ फॉल'. झाले सात. बाकीचे तीस वेगळे. कानला दाखवलेले सिनेमे इथे पुढे असतात हे कबूल, कारण युरोपातले गाजणारे सिनेमे मुळात तिथूनच निघतात. पण दाखवणं वेगळं आणि जिंकणं वेगळं. 'टोनी एर्डमान'ला कानच्या मुख्य ज्युरीने २०१६ मध्ये काहीच दिलं नव्हतं, इथे तो पहिला आला. 'अॅमेली' तर कानच्या यादीतच नव्हता.

"फ्रान्सच्या घरात."

किस्लोव्स्की (पोलंड), अँजेलोपुलोस (ग्रीस), जानी अमेलिओ (इटली), केन लोच (ब्रिटन) ही पहिल्या चार वर्षांची यादी. फ्रेंच दिग्दर्शकाचा नंबर लागला तो २००१ मध्ये, 'अॅमेली'च्या झाँ-पिएर जुने यांचा, आणि त्यानंतर थेट २०२३ मध्ये ज्युस्टीन त्रिए यांचा. मग २०२४ ला झाक ओदियार. (मधे २०१० ला पोलान्स्की आहेत. त्यांना पोलंडच्या खात्यात मांडायचं की फ्रान्सच्या, यावर ते दोन देश भांडतील, मी नाही.) फ्रेंच पैसा बऱ्याच सिनेमांत असतो हे खरं, पण तक्रारच करायची तर इटलीबद्दल करा. इटालियन दिग्दर्शकांनी सात वेळा नेलाय, त्यातले तीन एकट्या अमेलिओंचे. पुन्हा सातच. हा आकडा आज माझ्या मागे लागलाय.

इंग्रजीबद्दल फार लिहायला नको. 'रिफ-राफ', 'ब्रेकिंग द वेव्ज', 'द फुल माँटी', 'मेलँकोलिया', 'यूथ', 'द फेव्हरिट'. हे सगळे सर्वोत्कृष्ट ठरलेले आणि सगळ्यांची मुख्य भाषा इंग्रजी. यातले दोन डेन्मार्कच्या लार्स फॉन ट्रिअर यांचे, एक इटालियन माणसाचा आणि एक ग्रीक माणसाचा, ही त्यातली मजा.

आता मूळ दुखणं. "युरोपचा ऑस्कर."

हे बिरुद फक्त फॉरवर्डवाले वापरतात असं नाही, वर्तमानपत्रंही वापरतात. आणि अकादमीलाही त्याचं वावडं नसावं, कारण डिसेंबरचा सोहळा तिने आता जानेवारीत नेलाय, पुरस्कारांच्या ऐन हंगामात. १७ जानेवारी २०२६ ला तो बर्लिनला झाला, त्यामुळे २०२५ साल कोरडंच गेलं. तरीही तुलना लंगडी आहे, आणि ती का, ते कळण्यासाठी ऑस्करचा परदेशी चित्रपटांचा विभाग बघावा लागतो. तिथे वर्षानुवर्षं प्रत्येक देशाने एकच सिनेमा पाठवायचा अशी पद्धत चालत आली. कुठला, ते त्या देशातली समिती ठरवणार. म्हणजे स्पर्धा अमेरिकेत होण्याआधी घरातच एक निवडणूक, तिच्यात राजकारण, रुसवे-फुगवे, हिशेब. युरोपियन अकादमीत देशाने पाठवायचा प्रश्नच नाही. निवडयादीत सिनेमा असतो, त्याचं सरकार नसतं.

याचा परिणाम २००२ मध्ये दिसला. स्पेनने आल्मोदोवार यांचा 'टॉक टू हर' ऑस्करला पाठवलाच नाही, दुसरा पाठवला. इथे तो सर्वोत्कृष्ट. २००७ मध्ये रुमानियाने मुंजिऊ यांचा '४ मंथ्स, ३ वीक्स अँड २ डेज' पाठवला, पण ऑस्करच्या लघुयादीतही तो आला नाही. त्यावर इतका गदारोळ झाला की त्यांना निवडीची पद्धत बदलावी लागली. इथे तो आधीच पहिला आलेला होता. २०२३ मध्ये फ्रान्सने 'अॅनाटॉमी ऑफ अ फॉल' घरी ठेवून दुसराच सिनेमा पाठवला, आणि बर्लिनला झालेल्या युरोपियन अवॉर्डच्या सोहळ्यात त्या घरी ठेवलेल्याने पाच पुरस्कार नेले. ३७ पैकी ज्यांना परदेशी चित्रपटाचा ऑस्करही मिळाला असे किती? इंग्रजी सिनेमे त्या विभागात बसतच नाहीत हे धरूनही: सात. (सांगितलं ना.) आणि ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला यातला एकही नाही.

"भारताचा काडीचा संबंध नाही."

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट' आठवा: मुंबईच्या लोकल, नर्सेस, आणि शेवटी रत्नागिरीचा समुद्र. पैसा भारताबरोबर फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, इटलीचा. २०२४ मध्ये फ्रान्सने ऑस्करसाठी जी चार नावं बाजूला काढली, त्यात हा होता. शेवटी त्यांनी 'एमिलिया पेरेझ' पाठवला, आणि भारताने 'लापता लेडीज'. दोन देशांच्या समित्यांनी एकाच सिनेमाला बाजूला ठेवल्याचं असं उदाहरण विरळाच. त्या वर्षी युरोपियन अवॉर्डही 'एमिलिया पेरेझ'नेच नेला.

आणि त्याआधीचा 'स्लमडॉग मिल्यनेअर'. धारावी आणि जुहूमध्ये चित्रित झालेला, पण कागदोपत्री ब्रिटिश, म्हणून युरोपीय. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह आठ ऑस्कर मिळाले, आपल्याकडे पेढे वाटले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनीतल्या बोखुमला तो युरोपियन अवॉर्डच्याही सर्वोत्कृष्टच्या शर्यतीत होता. छायालेखक अँथनी डॉड मँटल यांना पुरस्कार मिळाला, प्रेक्षकांच्या मतांचाही त्यालाच मिळाला. सर्वोत्कृष्ट चित्रपट मात्र ठरला हानेके यांचा 'द व्हाइट रिबन', पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या एका जर्मन खेड्याची काळी-पांढरी गोष्ट.