उन्हाने गॅस पेटत नाही

"४५ अंशांच्या वर तापमान गेले की गळलेला गॅस आपोआप पेटतो, दुपारी शेगडी लावू नका," हा संदेश आज आमच्या सोसायटीच्या गटावर फिरला आणि नागपुरातल्या चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी तो न वाचता पुढे पाठवला, याचा मला संताप आला आहे.

स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण १.८ ते ९.५ टक्के मिसळला असेल तरच पेटतो. कमी असेल तर ज्योत पुढे सरकण्याइतकी उष्णता निर्माण होत नाही, जास्त असेल तर प्राणवायू अपुरा पडतो. ठिणगीशिवाय पेटायला त्याला ४०० अंशांच्या आसपासचे किंवा त्याहून अधिक तापमान लागते.

माझ्या मावशीकडे एका मे महिन्यात रात्रभर गॅस गळत होता. वास आल्यावर मावसभावाचा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला आणि मावशीने तो वरच्यावर धरला. तेव्हा पहाट होती, ऊन कुठेच नव्हते. हवेपेक्षा जड असलेला गॅस ओट्याखाली साचला होता आणि फक्त एका ठिणगीची कमतरता होती.

तापमान वाढले की पेटण्याची मर्यादा रुंदावते, हे मान्य. मिश्रण आधीच गरम असल्यामुळे ज्योतीला लागणाऱ्या सुमारे १२५० अंशांपर्यंत पोहोचायला इंधन थोडे कमी पुरते. पण खालची मर्यादा १०० अंशांमागे जेमतेम आठ टक्क्यांनी उतरते, म्हणजे २५ अंशांवरची १.८ टक्क्यांची मर्यादा ४५ अंशांना १.७७ होते. एवढ्या फरकाने कोणाचे घर जळत नाही. तापलेल्या सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणून तो उन्हात ठेवू नये, इतकेच.

ज्या काकूंनी तो संदेश पाठवला त्यांच्या मनात काळजीच होती, हे मला कळते, आणि त्यांच्यावर राग धरावासा वाटत नाही. मात्र काळजी चुकीच्या जागी गेली की खरी जागा मोकळी राहते. मावशीच्या घरात नळीला बारीक चीर गेली होती, आणि उकाडा आत येऊ नये म्हणून स्वयंपाकघराच्या सगळ्या खिडक्या आदल्या दुपारपासून लावलेल्या होत्या. आपल्याकडे उन्हाळ्यात गॅसचा धोका वाढतो तो असा, बंद घरात. तेव्हा पडदे खुशाल ओढा, पण ओट्याजवळची जमिनीलगतची जाळी बुजवू नका, रात्री रेग्युलेटर बंद करा आणि नळीवरची तारीख आजच पाहा. पाच वर्षे झाली असतील तर ती बदलून घ्या.